सोवळ्यातली तार

गेल्या महिन्यात ठाण्याला तळ्याकाठच्या देवळात त्रिंबकराव तारमास्तरांच्या निधनाबद्दल सभा झाली. मी गेलो होतो. जायला नको होतं, पण बरोबर काम केलेल्या माणसानं जायचं असतं म्हणून गेलो. एकामागून एक मंडळी बोलली. एकजण म्हणाले, तारेचा दोष खुर्चीतून न उठता सांगणारा असा माणूस पुन्हा होणे नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उपरणं झटकलं आणि उठून बाहेर आलो.

खुर्चीतून न उठता! एवढं मात्र अक्षरशः खरं. त्रिंबकरावांच्या हाताखाली मी काही उन्हाळे काढले, आणि तेवढ्या काळात हा माणूस तार पाहायला जवळच्या खांबापर्यंत चालत गेल्याचं मला आठवत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलायला ते देवळातले लोक आहेत, मी कशाला?

आमचं स्टेशन ठाणे आणि कल्याण यांच्या मधलं. त्याचं नाव घेत नाही, तिथे आज भली माणसं कामाला आहेत. एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, मधून रूळ. पलीकडे डोंबिवलीला स्टेशन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या तारऑफिसात दोन तारा यायच्या, एक ठाण्याकडची आणि एक कल्याणकडची, आणि दोन टेबलांवर दोन सुया. तारेतून वीज आली की सुई डावीउजवीकडे हलायची, त्या हलण्यावरून अक्षरं लावायची. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला तारेनं विचारायचं, आणि शेवटच्या डब्याच्या लाल दिव्यासकट गाडी पुरी गेली की तसं कळवायचं. तार मुकी झाली की गाडी जागच्या जागी उभी.

या दोन सुयांच्या मधोमध त्रिंबकराव बसायचे. गोरा वर्ण, धारदार नाक, पगडी कधी कलंडलेली पाहिली नाही. कोटाच्या बाहीवर तपकिरीचे डाग असायचे, ते मात्र त्यांना दिसायचे नाहीत. सकाळी आले की आधी खिशातून रेशमी फडकं काढायचे आणि तारेच्या खटक्यावर, म्हणजे अक्षरं पाठवायला दाबायच्या पितळी दांडीवर, पसरायचे. त्या फडक्यावरून बोटं चालवायची. उघड्या खटक्याला हात लावायचा नाही.

नवा माणूस दिसला की त्याला कारण सांगायचे. "कल्याणला खटक्यावर बसतो तो किरिस्ताव. ठाण्याला पारशी. पुढे कुणाकुणाचे हात लागत असतील कोण जाणे. तारेतून वीज येते ना? मग विटाळ का येणार नाही?" समोरचा हसला तर हे हसायचे नाहीत. "आता रेशीम बघा. रेशमातून वीज जात नाही हे साहेबाला काल कळलं. आपल्याकडे सोवळं रेशमाचं असतं ते काय उगाच?"

ऐकणारा थक्क व्हायचा. पहिल्यांदा मीही झालो होतो. पुढे माझ्या लक्षात आलं की ते फडकं त्यांच्या कुटुंबाच्या जुन्या पैठणीचं असून मधोमध विरलेलं आहे. नेमकं जिथे बोट टेकायचं तिथेच भोक होतं आणि त्यातून पितळ चकाकत होतं. म्हणजे कल्याणच्या किरिस्तावाचा विटाळ यांना दिवसभर होत होता. मी कधी सांगितलं नाही. त्या ऑफिसात करमणूक म्हणून तेवढंच होतं.

दुसरं त्यांचं आवडतं कीर्तन अर्थाचं. तारेचं काम असं की वीज जाते तारेनं आणि परत येते जमिनीतून. त्यासाठी ऑफिसच्या मागे खड्ड्यात तांब्याचा पत्रा पुरलेला असतो. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांचं एक एक टोक तिथे नेऊन जोडलेलं असतं. इंग्रजीत त्याला जमिनीचाच शब्द आहे, आणि आमच्याकडे पोर्टरापासून मास्तरापर्यंत सगळे त्याला अर्थ म्हणायचे. त्रिंबकरावांना हे म्हणजे मेजवानीच. "शब्द धावतो तारेतून," ते बोट वर करून म्हणायचे, "पण अर्थ जमिनीत असतो. अर्थ नसेल तर तार मुकी. इंग्रजानं यंत्र बनवलं, नाव मात्र आपल्याकडून उचललं." चांगलं बोलायचे, नाही म्हणत नाही. पण तेच वाक्य गार्डाला, दगडाच्या कंत्राटदाराला, गाडी चुकलेल्या भटजीला आणि लसूण विकायला आलेल्या बाईलाही ऐकवलेलं मी ऐकलंय. त्या बाईनं विचारलं, मग लसूण घेता का?

एवढं अर्थाचं कौतुक, पण ऑफिसच्या मागे जाऊन तो अर्थ कसा आहे हे बघायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

त्यांचा मंत्र वेगळाच होता. "आधी माणूस धरा, मग तार." तार बिघडली की त्यांचा पहिला प्रश्न, काल तिकडून कोण गेलं? खांबाखाली कुणी म्हैस बांधली होती? कुणाचा आपल्यावर राग आहे? इंग्रजीतल्या बिघाडाच्या शब्दाला ते दोष म्हणत, आणि दोष म्हटला की तो कुणाचा तरी असायला हवा. पत्रिकेतही ते दोषच काढायचे. माझ्या बहिणीचं एक चांगलं स्थळ त्यांनी असंच मोडलं, पण तो राग मी इथे आणत नाही.

एकदा कल्याणकडची तार भर दुपारी बंद पडली. त्रिंबकरावांनी डोळे मिटले, तपकीर ओढली आणि सांगितलं की हे डोंबिवलीच्या नव्या स्टेशनमास्तरचं काम. गेल्या आठवड्यात त्यानं यांना नमस्कार केला नव्हता. तक्रार कशी करायची याचे शब्द जुळवत ते बसले असताना आमचा लाइनमन जोमा तिकडे निघून गेला होता. तासाभरानं तो परत आला तो हातात कावळ्याचं घरटं घेऊन. कावळ्यानं कुठून तरी तारेचे तुकडे गोळा करून खांबाच्या डोक्यावर घरटं बांधलं होतं आणि त्यातला एक तुकडा तारेला आणि लोखंडी खांबाला एकदम टेकला होता. वीज खांबातून जमिनीत उतरत होती. घरटं निघालं आणि सुई बोलायला लागली.

त्रिंबकरावांनी घरट्याकडे पाहिलं. "कावळा असा आपण होऊन बसत नाही," ते म्हणाले, "कुणीतरी खायला घालत असणार."

जोमा पुढच्या खाडीकाठच्या गावचा आगरी. त्याचे बापजादे मिठागरावर राबले. खारात उभं राहून पाय फुटतात, जखमा भरत नाहीत, आणि त्या पायांनी पुन्हा खारातच उतरावं लागतं. त्यातून सुटून कंपनीचा पितळी बिल्ला लावणारा त्यांच्या घरातला हा पहिला. बिल्ला तो रोज चिंचेनं घासायचा. खांबावर चढायला त्याच्याइतका चपळ माणूस त्या पट्ट्यात नव्हता, आणि बोलायलाही नव्हता. त्रिंबकरावांना त्याचं चढणं चालायचं, बोलणं खुपायचं. कावळ्याच्या दिवशी त्यानं बाहेर पोर्टरांत जाऊन कावळ्याला नमस्कार न केल्याबद्दल समज देऊ का, असं म्हटलं होतं. ते आत ऐकू आलं होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्रिंबकरावांचा हात. खटक्यावर तो हात चालायला लागला की पलीकडचा माणूस कधी, पुन्हा सांगा, म्हणाला नाही. अक्षरं अशी सुटी, अशी एका लयीत यायची की मी कधी कधी नुसता ऐकत बसायचो. म्हणजे हा माणूस अडाणी नव्हता. मुंबईत राहून तारेचं सगळं शिकून आला होता, आणि बिघाड कसा शोधायचा हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. माझ्या मनातला त्याच्याबद्दलचा तिरस्कार त्यामुळेच आहे. मूर्खाला मी माफ केलं असतं.

तर झालं असं. तो पुरलेला पत्रा ओला असला तरच काम करतो. माती सुकली की वीज आत शिरत नाही. म्हणून कंपनीचा नियम होता की पावसाळा सोडून रोज त्या जागी पाणी ओतायचं. ते काम हुसेन भिस्त्याकडे होतं. तो फलाटावर शिंपण करायचा आणि उरलेली पखाल मागच्या खड्ड्यावर रिकामी करायचा. एका वर्षी त्रिंबकरावांनी नेमकी तिथे तुळस लावली. जागा ओलसर आहे, तुळस तरारेल, एवढाच विचार. तुळस तरारली. मग एके दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की तिच्या मुळाशी चामड्याच्या पखालीतलं पाणी जातंय.

"उद्यापासून इथे पाणी घालायचं नाही," त्यांनी हुसेनला सांगितलं.

"मास्तरसाब, कंपनी का हुकूम है," हुसेन म्हणाला.

"इथला हुकूम मी आहे. तुळशीला काय हवं ते मी बघतो."

हुसेनला काय, पखाल हलकी झाली. त्रिंबकराव सकाळी सोवळ्यात येऊन तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे आणि प्रदक्षिणा करायचे. तांब्याभर पाण्यानं तुळस जगते. पुरलेल्या पत्र्याला ते पुरत नाही. थंडीत काही कळलं नाही. वैशाखात खाडीकाठची माती भेगाळली आणि आमच्या दोन्ही सुया पिसाटल्या.

मी ठाण्याला हाक मारली की कल्याणची सुई थरथरायची. कल्याणला उत्तर दिलं की ठाण्याचा माणूस विचारायचा, मला काही म्हणालात? एकाचं बोलणं दुसऱ्याच्या सुईत शिरायचं आणि दोघांनाही धड काही पोचायचं नाही. गाड्या खोळंबायला लागल्या. गार्ड येऊन ओरडायचे. साहेब चौकशीला येणार असा निरोप ठाण्याहून आला, तोही कसाबसा.

त्रिंबकरावांनी डोळे मिटले. "मिठागराजवळ कुणीतरी दोन्ही तारा एकत्र बांधल्यात," ते म्हणाले. "आणि मिठागर कुणाचं? जोमाच्या लोकांचं."

त्यांनी जोमाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर बिल्ला काढून टेबलावर ठेवायला लावला. साहेब येईपर्यंत कामावर यायचं नाही, आणि साहेब आल्यावर पुढचं ठरेल.

जोमा आधी हसला. त्याला वाटलं मास्तर कावळ्याचा राग काढून गप्प बसतील. मग त्याला कळलं.

"मास्तर, मी सगले खांब बघून आलूय. तार कुठं जोरलेली नाय. आमची मानसं तारा बांधून काय करतील? मीठ पिकंल काय तारंवर?"

"तोंड चालवू नकोस."

"नाय चालवत. पन मना घरी बसवला तं मी पुन्ना खारान उतरू काय? पाय बघा माजं, आता कुठं चांगलं झालेत."

त्रिंबकरावांनी पायांकडे पाहिलं नाही. रेशमी फडक्यानं तो बिल्ला उचलला आणि कपाटात टाकला.

मला राहवलं नाही. जोमा गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, दोन्ही तारा एकाच वेळी बिघडल्यात. मग बिघाड दोन्हींच्या सामाईक जागीच असणार. बाहेर शोधण्यात काय हशील? आपला अर्थ सुकलाय, वीज जमिनीत न शिरता दुसऱ्या तारेत घुसतेय. हुसेनचं पाणी बंद केलंत तेव्हापासून..."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. मी बोललो ते त्यांना लख्ख पटलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हिशेबात चूक सापडली की माणसाचा चेहरा होतो ना, तसा. क्षणभर मला वाटलं, आता हे उठतील, जोमाला परत बोलावतील, आणि संपलं.

"अर्थ मला शिकवतोस, गणपत?" ते म्हणाले आणि तपकिरीची डबी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खटक्यावर बसलो होतो. सुया नेहमीप्रमाणे वेड्यावाकड्या हलत होत्या. मागून पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला. खिडकीतून पाहिलं तर त्रिंबकराव, ओलेत्यानं, विहिरीवरून घागर घेऊन येत होते. तुळशीच्या मुळाशी घागर उपडी करायची, पुन्हा विहीर, पुन्हा घागर. तोंडानं काहीतरी स्तोत्र चालू होतं. ज्या माणसानं कधी खांबापर्यंत चालायचे कष्ट घेतले नाहीत तो धापा टाकत पाणी वाहत होता. माझ्या समोर ठाण्याची सुई हळूहळू शहाणी झाली. मग कल्याणची. मी ठाण्याला हाक मारली, कल्याण गप्प राहिलं. दोन्ही तारा ठणठणीत.

मी खुळा, मला आनंद झाला. वाटलं, जोमा सुटला.

साहेब दुपारच्या गाडीनं आले. त्यांनी ठाण्याला बोलून पाहिलं, कल्याणला बोलून पाहिलं, आणि विचारलं की बिघाड कुठे आहे?

त्रिंबकराव अदबीनं उभे राहिले. "होता, साहेब. काल मी लाइनमनला कामावरून थांबवलं. तो गेला, आणि तार सुरू झाली. आपणच काय ते समजून घ्या."

इतकं साधं आणि इतकं नीच वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. मी पुढे झालो. साहेबांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, पत्रा, भिस्ती, सुकलेली माती. साहेब शहाणे होते, ते उठून मागे आले. हातातली छडी त्यांनी तुळशीपाशी मातीत खुपसली. छडी सहज आत गेली आणि चिखलानं माखून बाहेर आली.

"ओलं आहे," ते म्हणाले.

"आज सकाळीच घातलंय पाणी," मी म्हटलं. "यांनी स्वतः घातलंय!"

"हो साहेब," त्रिंबकराव शांतपणे म्हणाले. "तुळशीला मी रोज पाणी घालतो. आमचा धर्म आहे तो."

धर्माचं नाव निघालं की साहेब लोक दोन पावलं मागे सरायचे. हेही सरले. छडी गवताला पुसली आणि आत जाऊन चहा मागवला. "मुलगा वाईट नाही," त्रिंबकराव माझ्याबद्दल म्हणाले, "जरा पुस्तकं जास्त वाचतो." महिना संपायच्या आत माझी बदली टिटवाळ्याच्या पुढे झाली. जोमाचा बिल्ला परत मिळाला नाही.

जाण्याआधी मी त्यांना गाठून विचारलं होतं. म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं ना? मग त्याला परत का नाही घेतलंत?" त्यांनी काही लपवलं नाही. उलट लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "अरे, माणूस आधी धरला होता. तो सोडला असता म्हणजे मी चुकलो असं झालं असतं. आणि मास्तर चुकतो असं एकदा लोकांना कळलं की ऑफिस चालत नाही." त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या माणसाला झोप उत्तम लागायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी ठाण्याला निघालो होतो. आधीची गाडी पुढच्या स्टेशनाला पोचायची असल्यानं आमची गाडी त्या स्टेशनावर बराच वेळ थांबली. मी पाय मोकळे करायला उतरलो आणि सवयीनं ऑफिसच्या मागे गेलो. तुळस छातीइतकी झाली होती. विहिरीकडून एक माणूस दोन्ही हातांत घागरी घेऊन येत होता. जवळ आला तेव्हा ओळखलं, जोमा.

"तू इथे? परत घेतलं तुला?"

"नाय भाऊ. घेतील. मास्तर बोलले, सायबाच्या कानावर घालतू, तवर तुलशीला पानी घालत जा. शेवा केलेली वाया जात नाय, बोलले." त्यानं घागरी खाली ठेवल्या. "सकाली मिठागर, दुपारी हितं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला सगळं सांगितलं, एका दमात. हे पाणी तुळशीला नाही, खालच्या पत्र्याला लागतं. तू पाणी घालतोस म्हणून तार चालते, आणि तार चालते म्हणून सगळे समजतात की खोट तुझ्यातच होती. तो माणूस तुझ्याच हातून तुला खोटा ठरवतोय. टाक त्या घागरी आणि घरी जा.

जोमानं सगळं ऐकून घेतलं. त्याला नवं वाटल्यासारखं दिसलं नाही.

"जातू ना," तो म्हणाला. "पन मी गेलू आन पानी थांबला, तं तार बंद परंल. गारी उभी र्‍हाईल. मंग मास्तर काय बोलतील? जोमानी केला, बोलतील. आन त्या टायमाला त्यांचा बोलना खरा असंल."

 त्यानं घागर उचलली आणि ओतायला सुरुवात केली. ऑफिसची खिडकी उघडी होती. आत त्रिंबकराव आपल्या खुर्चीत, दोन सुयांच्या मध्ये बसले होते, खटक्यावर रेशीम होतं, आणि हात त्याच सुंदर लयीत चालला होता. त्यांनी मला पाहिलं की नाही कोण जाणे. हात न थांबवता, मान न वळवता, त्यांनी फक्त आवाज दिला.

"जोमा, मुळाशी घाल रे. पानांवर नको."